हनुवटीची कोरी पट्टी

रेझर कसा निवडावा हे या जगात फक्त मला कळतं, असं माझं तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ठाम मत होतं. आजही बऱ्यापैकी आहे. फक्त आता ते मी घरात मोठ्याने बोलत नाही.

या विषयात माझा अधिकार जन्मजात आहे. माझी त्वचा नाजूक. लाजाळूचं झाड निदान हात लावल्यावर तरी मिटतं. माझा गाल ब्लेडचं पाकीट नुसतं फाडलं तरी लाल होतो! दाढी केल्यावर तासभर मी असा दिसतो, की आत्ताच कुणीतरी डाव्या-उजव्या दोन ठेवून दिल्यात. आमच्या मजल्यावरच्या दोन बायका तर एकदा माझ्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचं कौतुक वाटतं हो! आम्हाला नाही जमत."

आता माझ्या कामाबद्दल. मी रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे, चोवीस वर्षं. नवा रंग तयार झाला की आम्ही पत्र्याचा एक तुकडा घेतो. डावीकडे जुना रंग, उजवीकडे नवा रंग, आणि मधे एक पट्टी तशीच सोडायची. तिला आम्ही कोरी पट्टी म्हणतो. पत्रा एकवीस दिवस गच्चीवर उन्हावाऱ्यात ठेवायचा आणि मग निकाल लिहायचा. कोरी पट्टी नसेल तर मी सही करत नाही. रंग चांगला होता की मुळात पत्राच चिवट होता, हे कोऱ्या पट्टीशिवाय कळणार कसं? या एका तत्त्वावर मी चोवीस वर्षं काढली आहेत आणि बढतीच्या तीन संधी घालवल्या आहेत.

तर मुख्य गोष्ट आमच्या सासरेबुवांची.

सासरेबुवा दोन वर्षांपासून आमच्याकडे राहतात. ते हत्यारांच्या कारखान्यात ग्राइंडिंगच्या खोलीत होते. यंत्रांची पाती घासून त्यांना धार लावायची, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. त्यांनी लावलेल्या धारेवर माशी बसली तर दोन अर्ध्या माश्या उडून जायच्या, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. अतिशयोक्ती असेल, पण एक अर्धी तरी नक्की उडत असणार. माणूस मोजून बोलणारा. जेवणाला "चालेल" म्हणाले की बायको दोन दिवस खुशीत असते, कारण कारखान्यातही अचूक जमलेल्या पात्याला ते एवढंच म्हणायचे.

पण वर्षभरात त्यांचा हात थरथरायला लागला. त्यात रक्त पातळ करायची गोळी. जरा खरचटलं की अर्धा तास बोळा धरून बसायचं. कातडी तर माझ्यापेक्षा हळवी. न्हाव्याकडे गेले, चेहराभर पुरळ घेऊन आले. विजेच्या यंत्राने करून पाहिली, म्हणाले, "ही दाढी नाही, हे गवत कापणं आहे." मग त्यांनी दाढी सोडली. दाढीबरोबर फिरायला जाणं सोडलं, चौकातला बाक सोडला. खिडकीत बसून असायचे.

अशात त्यांच्या कारखान्याचं पत्र आलं. कारखान्याला पन्नास वर्षं होत होती. सर्वांत जुने कारागीर म्हणून नव्या यंत्राची कळ त्यांनी दाबावी आणि दोन शब्द बोलावेत. तारीख? तीन आठवड्यांनंतरचा रविवार.

सासरेबुवांनी पत्र दोनदा वाचलं, घडी केली, आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिलं.

"कळवून टाका, जमणार नाही."

"का हो बाबा?" बायकोने विचारलं.

"चाळीस वर्षांत दाढी न करता त्या फाटकातून आत गेलेलो नाही. आता शेवटच्या वेळी असा जाऊ?"

त्यांनी गालावर हात फिरवला. तो हात थरथरत होता, आणि तो आम्ही पाहिला हेही त्यांनी पाहिलं. खोलीत कुणालाच काही सुचेना. आणि अशा वेळी, ज्याला काही सुचत नाही तोच आधी बोलतो, या नियमानुसार मी बोललो.

"बाबा, तुमची दाढी मी करीन!"

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुम्ही?"

एका शब्दाचा प्रश्न. पण त्यात सव्वीस वर्षांचा संसार होता.

सासरेबुवा म्हणाले, "जावईबापू, तुमचे स्वतःचे गाल कधी पाहता का आरशात?"

"तो रेझरचा दोष आहे, बाबा! आजवर हाताला येईल तो घेत गेलो. आता शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडतो. रविवारी तुमच्या गालावर एक ओरखडा दिसला, तर नाव बदलीन!"

"नाव राहू द्या. एक शब्द द्या. माझा हात थरथरतो, हे बाहेर कळता कामा नये. माझ्या सोबत्यांची निम्मी मुलं तुमच्याच कारखान्यात आहेत."

मी शब्द दिला. पुढचं सगळं या शब्दाने केलं. माझा स्वतःचा त्यात फारसा हात नाही.

चौकातल्या घड्याळाखाली एक चिंचोळं दुकान आहे. तिथे दाढीच्या सामानाशिवाय काहीही मिळत नाही. दुकानदार सत्तरीचा, हनुवटी सोललेल्या अंड्यासारखी. मी तोंड उघडायच्या आत त्याने गल्ल्यावरून हात लांब करून बोटाची मागची बाजू माझ्या गालावर फिरवली. म्हशीचं गिऱ्हाईक फिरवतं तशी.

"केस राठ, कातडी पातळ," तो म्हणाला. खाली वाकला, आणि मखमलीच्या तुकड्यावर एक सेफ्टी रेझर ठेवला.

काय वस्तू होती ती! पितळेची, वर चकाकता मुलामा. दांड्यावर बारीक खाचांची जाळी, म्हणजे ओल्या हातातून सटकायला नको. डोकं तीन भागांत सुटं होणारं, आणि परत आवळलं की जणू एकसंध ओतलेलं. कड अशी गुळगुळीत की बोट फिरवावं आणि फिरवतच राहावं. ब्लेड आत घट्ट बसत होतं, बाहेर डोकावत होतं तेही भिडस्त पाहुण्यासारखं, दारातून अर्धा चेहरा काढून, "येऊ का?" असं विचारत! हातात घेतला तर वजन सगळं डोक्याकडे. माझ्या माहितीतली बहुतेक माणसं याच्या उलट आहेत.

"हा घ्या. डोळे मिटून घ्या," दुकानदार म्हणाला.

"कशावरून?"

"म्हणजे?"

"हाच सौम्य आहे, याला पुरावा काय?"

दुकानदाराने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पन्नास वर्षांत त्याच्या दुकानात पुराव्याचं गिऱ्हाईक पहिलंच असावं. त्याने शांतपणे दुसरा रेझर काढून शेजारी ठेवला. "मग हाही न्या. वाईट हाही नाही. घ्या परीक्षा दोघांची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परीक्षा सुरू केली. डाव्या गालावर रेझर क्रमांक एक. उजव्या गालावर रेझर क्रमांक दोन. आणि हनुवटी? हनुवटी कोरी! तिला एकवीस दिवस हात लावायचा नाही. म्हणजे शेवटी तुलना कशाशी करायची, याचा प्रश्नच उरत नाही. मिशी मला पहिल्यापासून आहे, ती तटस्थ राहिली.

"अहो, हनुवटी राहिली," बायको म्हणाली.

"राहिलेली नाही. ठेवलेली आहे."

"कशासाठी?"

"कोरी पट्टी."

तिने वडिलांकडे पाहिलं. सासरेबुवांनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर एक कावळा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो उडून गेला.

चौथ्या दिवशी हनुवटीवर बोटभर रुंद काळंपांढरं कुंपण दिसायला लागलं. कारखान्याच्या उपाहारगृहात जेवायला बसलो तर समोर घोषणाकाका येऊन बसले. घोषणाकाका आमच्या युनियनचे चिटणीस. आवाज असा, की कारखान्याचा आगीचा भोंगा दोन वर्षं बिघडलेला होता आणि काकांमुळे ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माणूस सोन्यासारखा. फक्त अकरा वर्षांत एकही लढा हाती न लागल्यामुळे आतून सुकत चालला होता.

"तपासणीवाले, हे हनुवटीचं काय?"

"एकवीस दिवस होईपर्यंत तिला ब्लेड लागणार नाही."

"का?"

"ते मला सांगता येणार नाही."

"कुणी दबाव आणलाय?"

"छे! एका वडीलधाऱ्या माणसाला शब्द दिलाय."

काकांचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले. "शब्द दिलाय," ते हळू म्हणाले. म्हणजे शेजारच्या चार टेबलांनाच ऐकू गेलं. "आणि एकवीस दिवसांची मुदत! अहो, मुदत तर मलाही कधी सुचली नाही!"

"काका, तुमचा काहीतरी..."

"बोलू नका! एक अक्षर बोलू नका! भिंतींना कान असतात!"

दुसऱ्या दिवशी पॅकिंग विभागातले तिघे हनुवटी न करता आले.

आमचा पॅकिंग विभाग म्हणजे रंगाचे डबे भरून झाकणं ठोकायची जागा. दिवसभर रंगाची वाफ. खिडक्या दोन, त्यातली एक कुणीतरी रंगवताना चौकटीला चिकटवून टाकलेली. हवा बाहेर फेकणारे पंखे हवेत, असा अर्ज त्या लोकांनी सहा वर्षांपूर्वी दिला होता. तो अर्ज साहेबांच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घडी करून ठेवलाय, अशी वदंता होती.

मी पॅकिंगमध्ये धावलो. तिथल्या सगळ्यांत जुन्या कामगार म्हणजे मावशी. हातोडीच्या एका ठोक्यात झाकण बसवतात. मी म्हणालो, "मावशी, गैरसमज होतोय. हा दाढीच्या रेझरचा प्रयोग आहे. डावा गाल एक नंबर, उजवा गाल दोन नंबर."

मावशींनी इकडेतिकडे पाहून मान हलवली. "काळजी करू नका, भाऊ. साहेबांनी विचारलं तर आम्हीपण रेझरच सांगू."

"अहो, पण खरंच रेझर आहे!"

"अगदी असंच म्हणू," मावशी म्हणाल्या. "डोळ्याची पापणी न लवता. कसं जमतं हो तुम्हाला?"

बाराव्या दिवशी संख्या एकोणीस झाली. पॅकिंगमधल्या बायकांना दाढी येत नाही म्हणून त्या मागे राहतील, असं ज्यांना वाटलं त्यांना आमच्या बायका माहीत नाहीत. त्यांनी हनुवटीवर रंगाआधी लावायच्या करड्या प्राइमरचं बोट ओढलं! पहारेकऱ्याला जन्मापासून हनुवटीवर सात केस. त्याने ते सातही वाढवले आणि विंचरून येऊ लागला. सतराव्या दिवशी एक्केचाळीस हनुवट्या झाल्या, आणि मला मोठ्या साहेबांनी बोलावलं.

साहेबांनी स्वतः उठून दार लावलं. मला खुर्ची दिली. चोवीस वर्षांत त्या खोलीत मी बसल्याची ही पहिलीच वेळ.

"हे बघा, आडपडदा नको. तुमची मागणी काय?"

"मागणी नाही, साहेब. मला फक्त नाजूक त्वचेला सोसेल असा रेझर निवडायचाय."

साहेबांनी डोळे बारीक केले. "आणि त्या एक्केचाळीस जणांना?"

"त्यांचं मला माहीत नाही."

"एक्केचाळीस माणसांची त्वचा एकाच महिन्यात नाजूक झाली?"

आता हा तपासणीचा प्रश्न होता. मला तपासणीचा प्रश्न विचारला की मी माणूस राहत नाही, मी उपकरण होतो. मी विचार करून, संपूर्ण प्रामाणिकपणे म्हणालो, "पॅकिंगच्या हवेत होऊ शकते, साहेब. पुरावा म्हणाल तर दोन पत्रे टांगावे लागतील. एक आत, एक बाहेर. एकवीस दिवसांत निकाल देतो. लेखी."

साहेब पांढरे पडले. चुन्याचा पहिला हात मारल्यासारखे.

"लेखी?"

"कोऱ्या पट्टीसकट."

"नको," साहेब म्हणाले. "पत्रे नकोत."

एकविसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, पॅकिंगमध्ये चार पंखे लागले. चार! अर्जात दोनच होते. काकांनी मला मिठी मारली आणि कानात हळूच आभार मानले. तो कान अजून सोमवारी-मंगळवारी वाजतो. मावशी पंख्याखाली डोळे मिटून उभ्या होत्या, पदराचं टोक उडत होतं. एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या क्षणी मला वाटलं, लढा खरंच मी दिला असता तर किती बरं झालं असतं.

माझं खरं काम मात्र तपासणीच्या खोलीत चाललं होतं. शेवटचा निकाल भिंगाखाली पाहून लिहावा म्हणून मी दोन्ही रेझर बरोबर आणले होते. डावा गाल: लाल, पुरळ अकरा. उजवा गाल: लोणी! निर्विवाद. क्रमांक दोन विजयी. दुकानदाराने मिटल्या डोळ्यांनी घ्यायला सांगितलेला क्रमांक एक सपशेल नापास. मी निकालावर वळणदार सही केली. उद्याच्या रविवारची चिंता मिटली!

एवढ्यात दार उघडलं आणि काका, मागे चाळीस हनुवट्या.

"ज्या हनुवटीने सुरुवात केली, तिनेच शेवट! चला!"

मला अक्षरशः उचलून माल चढवायच्या ओट्यावर खुर्चीत बसवलं. माझाच क्रमांक दोन घेऊन, माझ्याच साबणाने, काकांनी माझी हनुवटी साफ केली. टाळ्या! मग रांग लागली. दोन्ही रेझर हातोहात फिरू लागले. मावशी ब्लेडचा खोका घेऊन उभ्या. "नव्या हनुवटीला नवं ब्लेड! रेझर उकळत्या पाण्यात बुडवल्याशिवाय पुढे द्यायचा नाही! मूर्खपणा माझ्यासमोर चालणार नाही!" शिस्त वाखाणण्यासारखी होती. एकेक माणूस फेस लावून गंभीर चेहऱ्याने बसत होता आणि गुळगुळीत होऊन उठत होता. आणि सगळे म्हणत होते, "वा! काय रेझर आहे!" मला भरून येत होतं.

शेवटचा पहारेकरी. सात केस. त्याचा हात साबणाने माखलेला, आणि तो भाषण करायला उभा राहिला.

टण्ण!

क्रमांक दोन ओट्याच्या दगडी कडेवर डोक्यावर आपटला, खाली गेला, आणि मागे येणाऱ्या हातगाडीने त्याला सावकाश चेपलं.

मी किंकाळी फोडली. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

घरी आलो तेव्हा सासरेबुवांचा कोट इस्त्री होऊन खुंटीला लागलेला होता. बूट पुसून दाराशी. ते खुर्चीत ताठ बसले होते, उद्याचे दोन शब्द पुटपुटत.

"झाली निवड?" त्यांनी विचारलं.

मी दोन्ही रेझर टेबलावर ठेवले. एक धडधाकट, एक चपटा. "बाबा," मी म्हणालो, "चांगला होता तो मेला. ओरबाडतो तो उरलाय."

बायकोने फक्त कोटाकडे पाहिलं. त्यापेक्षा ती बोलली असती तर परवडलं असतं.

सासरेबुवांनी चष्मा चढवला. "ओरबाडतो तो कुठला?"

"हा. क्रमांक एक. डावा गाल बघा ना! एकवीस दिवसांची नोंद आहे."

"आणि चांगला?"

"क्रमांक दोन. उजवा गाल."

"रोज तसंच?"

"रोज! एकही दिवस चुकलो नाही."

"गाल बदलून पाहिलेत?"

भिंतीवरचं घड्याळ फार मोठ्याने चालतं, हे माझ्या तेव्हा प्रथमच लक्षात आलं. चोवीस वर्षं! कोरी पट्टी, भिंग, वही, सही... आणि डावीकडचं उजवीकडे करून पाहावं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"नाही, बाबा."

"मग दाखवा दाढी करून. बिनब्लेडची."

मी क्रमांक एक घेऊन उजव्या गालावर ओढला. मग डाव्या. सासरेबुवा जागेवरून न उठता पाहत होते.

"उजवीकडे हात आपसूक खाली येतो. डावीकडे जाताना कोपर वर, मनगट वाकडं, आणि दाबताय किती! जुना रंग खरवडताय का भिंतीचा?" ते म्हणाले. "एकवीस दिवस तुम्ही रेझर नाही तपासलेत, जावईबापू. मनगट तपासलंत."

मग त्यांनी क्रमांक एक मागून घेतला. नवं ब्लेड बायकोकडून बसवून घेतलं आणि तो दिव्यासमोर धरला. हात थरथरत होता, पण डोळा नाही. ब्लेड आणि कड यांच्यामधून उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. त्यांनी रेझर फिरवला. दुसऱ्या बाजूलाही तेवढीच रेघ, केसाचाही फरक नाही.

"दोन्ही बाजूंना सारखी," ते म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "कड मारून घेतलीय, कुठे टोचत नाही. डोक्याला वजन दिलंय. ते का दिलंय? त्याने आपल्या वजनाने चालावं म्हणून. वर आपलं वजन घालायचं नाही. कुणीतरी मन लावून केलंय हे काम." मग माझ्याकडे वळून, "दुकानदार काय म्हणाला होता?"

"डोळे मिटून घ्या, म्हणाला होता."

"मग?"

"मी उघडे ठेवले."

संध्याकाळी बायकोने पाच फुगे आणले. फुग्याला साबण लावायचा आणि रेझरने न फोडता काढायचा. पहिला फुटला. "दाबताय!" आतल्या खोलीतून सासरेबुवा. दुसरा फुटला. "दाबताय!" तिसऱ्याला मी नुसता हात लावला, तोवर आतून आवाज, "दाबणार आहात!" आणि फुटलाच. चौथा मात्र टिकला. स्वच्छ, गुळगुळीत, गुलाबी. पाचवा बायकोने केला, पहिल्याच झटक्यात, आणि मला काहीही न बोलता खुंटीला बांधून ठेवला. ही तिची थोरवी.

रविवारी सकाळी सासरेबुवा खुर्चीत मान मागे टाकून बसले. गरम पंच्याने गाल शेकले, ब्रशने फेस केला. माझा हात थरथरत होता. त्यांनी तो पाहिला.

"आता दोघांचे थरथरतात," ते म्हणाले. "चालू करा. काम तो करेल, तुम्ही फक्त सोबत जा."

मी फक्त सोबत गेलो. आणि काय सांगू! रेझर असा गेला, जसा जाणता पाहुणा झोपलेल्या घरातून चपला हातात घेऊन जातो. बारीकशी कुरकुर, आणि मागे स्वच्छ वाट. डावा गाल. उजवा गाल. गळा. रक्ताचा थेंब नाही. लाल रेघ नाही! खाली गाडीचा भोंगा वाजला. मी विजयाने टॉवेल फिरवला, तुरटी लावली, मागे सरलो.

"अहो!" बायको ओरडली.

"काय झालं? कापलं?"

"हनुवटी!"

एकवीस दिवसांची सवय. हात आपोआप वळसा घालून गेला होता. सासरेबुवांच्या चेहऱ्यावर दोन चकाकते गाल, आणि मधोमध पांढरीशुभ्र कोरी पट्टी!

सासरेबुवांनी हात फिरवला. गाल. गाल. हनुवटी. थांबले.

"बाबा, एका मिनिटात..." मी ब्रश उचलला.

"थांबा." ते आरशात पाहत होते. "काल सोबत्याचा फोन आला होता. त्याची मुलगी तुमच्या पॅकिंगमध्ये आहे. म्हणाली, कुणी एक तपासणीवाला, त्याने हनुवटीवर चार पंखे आणले."

"तो गैरसमज आहे, बाबा!"

"माहीत आहे. मी इथेच राहतो." त्यांनी कोटाच्या बाहीत हात घातला. "ग्राइंडिंगच्या खोलीत आम्ही धूळ खात चाळीस वर्षं एक पंखा मागितला. अर्ज केले, पाया पडलो. हे नव्हतं सुचलं. राहू द्या."

आणि ते तसेच गेले. फाटकातून आत, ताठ मानेने. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या सोबत्यांनी आधी हनुवटी पाहिली, मग एकमेकांकडे पाहिलं. त्यांची मुलं आमच्याकडेच असल्यामुळे त्यांना अर्थ लागायला वेळ लागला नाही. एक जण काठी टेकत उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. सासरेबुवांनी यंत्राची कळ दाबली. हात थरथरला, सगळ्यांनी पाहिला, आणि त्यांनी तो लपवला नाही. ते माइकसमोर आले. तरुण मालक कौतुकाने हसत होता.

"पन्नास वर्षं झाली, आनंद आहे," सासरेबुवा म्हणाले. "ग्राइंडिंगच्या खोलीत पंखा अजून नाही." मग त्यांनी तो थरथरता हात सावकाश हनुवटीवरून फिरवला आणि खाली येऊन बसले.

आपलं हसू कुठे ठेवावं हे मालकाला कळेना. त्याने तिथल्या तिथे आपल्या व्यवस्थापकाला बोलावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. पुढच्या आठवड्यात पंखा लागला, हे नंतर कळलं.

घरी आल्यावर सासरेबुवा कोट काढून खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली.

"करा आता उरलेलं."

मी फेस केला. क्रमांक एक उचलला. दाबला नाही, फक्त सोबत गेलो. चार ओढींत हनुवटी झाली. बायको पंचा घेऊन उभी होती. सासरेबुवांनी डोळे मिटले आणि तळवा फिरवला: डावा गाल, उजवा गाल, गळा, हनुवटी. मग उलट दिशेने, तयार झालेलं पातं तपासावं तसा, सावकाश, कुठे काही लागतं का ते बघत. चाळीस वर्षांचा तळवा.

"चालेल," ते म्हणाले.

माझी छाती फुग्यासारखी फुगली. मी बायकोकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत प्रथमच...

सासरेबुवांनी एक डोळा उघडला.

"रेझरबद्दल बोलतोय."